किलोनं आणलेल्या चर्चवाल्या कादंबऱ्या: काय ठेवलं, काय रद्दीत गेलं

मे महिन्यात नागपुरात बर्डीवरून येताना एका हॉलमध्ये किलोनं पुस्तकं विकायचं प्रदर्शन लागलं होतं, त्यात शिरले. प्रदर्शनवाल्याचं नाव नाही लिहीत, कारण पुढे थोडी कटकट पण सांगायची आहे. बाहेर 44 डिग्री, आत दोन मोठे कूलर, अर्धी पब्लिक नुसती हवा खायला आलेली, मी पण त्यातलीच. कोपऱ्यातल्या टेबलावर 'धार्मिक' अशी पाटी आणि खाली सगळी एकाच छापाची पुस्तकं, कव्हरवर गव्हाचं शेत, लाकडी कुंपण, दूरवर पांढरं चर्च आणि पाठमोरी उभी पोरगी जिचं तोंड कधी दिसतच नाही. अमेरिकेतल्या ख्रिस्ती कादंबऱ्या. आमच्या मोहन नगरच्या घरात आई दुपारभर एकटी असते, वय 74, शाळेत इंग्रजी शिकवायची, आता मालिकांना शिव्या घालत बसते, म्हटलं हिला होतील. दहा निवडली, तीन किलो सातशे भरली, तर काट्यावरचा पोरगा म्हणे 'मॅडम चार किलो पूरा कर लो, राउंड फिगर' आणि बाजूच्या ढिगातलं एक पातळसं पुस्तक कोथिंबिरीच्या जुडीसारखं वरून टाकलं. 200 रुपये किलोनं 800 झाले. त्या जुडीचं पुढे सांगते.

तर माल कसा आहे. हा प्रकार तिकडे जुनाच. 1896 च्या सुमारास कॅन्ससमधल्या टोपेकात चार्ल्स शेल्डन नावाचे एक पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, रविवारी संध्याकाळी प्रवचनाच्या जागी गोष्टीचा एकेक भाग वाचून दाखवायचे, 'येशू असता तर त्यानं काय केलं असतं' हा प्रश्न त्या गोष्टीतला, तोच पुढे शंभर वर्षांनी ब्रेसलेटवर आला आणि आमच्या संडे स्कूलच्या पोरांच्या मनगटावर पण चढला. मग 1979 ला जॅनेट ओक या कॅनडियन बाईंची पहिली कादंबरी आली, ती इतकी चालली की पुढे अशा पुस्तकांची रांगच लागली. आपल्याकडे कोणाला हे परकं वाटत असेल तर सांगते, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ते 'यमुनापर्यटन', 1857 चं, ते ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींनीच लिहिलेलं. पण ते असो.

दोन आठवड्यांत मी पाच संपवली, आईनं सहा. गोष्ट साधारण एकच. छोटं गाव, सगळे सगळ्यांना ओळखतात. शहरात गेलेली मुलगी नवरा सोडून परत आलेली, नाहीतर बाप आजारी म्हणून आलेली. बाप कडक, एक तर शेतकरी नाहीतर पाळक. भाऊ दारूत. घरात एक गुपित आणि ते आत्याला माहीत. मग पाऊस, मग अपघात, मग चर्चमध्ये एक प्रवचन जे नेमकं हिच्यासाठीच लिहिल्यासारखं, आणि तीनशेव्या पानाच्या आसपास सगळे एकमेकांच्या गळ्यात. शिव्या नाहीत, पलंगावरचे सीन नाहीत, इंग्रजी सोपं, त्यामुळे आईच्या हातात बिनधास्त देता येतं, हा प्लस पॉइंट. आणि एक गोष्ट खरंच आवडली, कोणाच्या घरी काही झालं की अर्ध्या तासात शेजारणी भांडं घेऊन हजर. तिकडे ओव्हनमधलं काहीतरी चीज घातलेलं असतं, आमच्याकडे वरणभाताचा डबा आणि वर 'डबा परत द्यायची घाई नको बाई' म्हणायचं आणि तिसऱ्या दिवशी डब्यासाठी फोन. बाबा गेले तेव्हा आमच्या ओट्यावर सतरा डबे होते, झाकणांना कोणाच्या नावाच्या चिठ्ठ्या, कोणाच्या नेलपॉलिशच्या खुणा. असलं काही वाचताना वाटतं, अरे हे तर आपलंच गाव.

पण मग ते माफीचं प्रकरण येतं आणि माझं डोकं फिरतं. एका पुस्तकात बाप वीस वर्षांचा दारुडा, गोठ्यात गुडघे टेकून एकदा प्रार्थना करतो आणि दुसऱ्या दिवशीपासून बंद, पुढच्या चॅप्टरमध्ये पॅनकेक करून राहिला. बाप्पा! आमचे बाबा रेल्वेत होते. त्यांनी चर्चमध्ये उभं राहून तीन वेळा साक्ष दिली, म्हणजे सगळ्यांपुढे सांगितलं की देवाच्या कृपेनं दारू सुटली, तिन्ही वेळा खरी दिली, रडले, लोकांनी हालेलूया म्हटलं, आईनं घरी येऊन शिरा केला. पहिली साक्ष चार महिने टिकली, दुसरी एक पगार होईपर्यंत, तिसरीनंतर त्यांनी खरंच सोडली पण तेव्हा लिव्हर उरलं नव्हतं. कोणत्याच पुस्तकात दुसरी साक्ष नाही. दुसऱ्यांदा उभा राहणारा माणूस, आणि बाकांवर बसलेले तेच लोक, त्यांचे चेहरे कसे असतात, हे लिहायला पाहिजे ना कोणीतरी. मला ते चेहरे पाठ आहेत, मी तेव्हा दहावीत होते आणि तिसऱ्या रांगेत बसून उपासना संगीताच्या पुस्तकाची शिवण उसवत होते.

आणि बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट, बापाचा पैसा उडवून घरी परतणाऱ्या पोराची, लूकचा पंधरावा अध्याय, तो तर प्रत्येक पुस्तकात कुठल्या ना कुठल्या नावानं येतोच. पोरगा येतो, बाप धावत जातो, सगळी मंडळी, म्हणजे चर्चचे लोक, टाळ्या वाजवते. माझा दादा मंडळीतल्या चार घरांकडून पैसे उसने घेऊन नागपूर सोडून गेला त्याला अकरा वर्षं झाली. आईनं पेन्शनमधून ते फेडले, एकेका घरी स्वतः जाऊन, पाकिटात घालून. तो कधी नाताळला येतो, कधी नाही, आला तर उपासनेला येत नाही, घरी बसून क्रिकेट पाहतो. लोक बाहेर पायऱ्यांवर विचारतात 'दादा कसा आहे वो?' आई म्हणते 'बरा आहे' आणि चप्पल शोधायला खाली वाकते. टाळ्याबिळ्या काही नाही.

आता कटकट. दहापैकी एका पुस्तकाचा शेवटचा फॉर्माच नव्हता, म्हणजे सरळ 16 पानं गायब, डिंक सुकलेला, शिवण नाही. आणि नेमकं ते पुस्तक आईला सगळ्यात आवडलेलं. 304 नंबरच्या पानावर पोराचा ट्रक घराबाहेर येऊन थांबतो, इंजिन बंद करत नाही, आतला बाप खिडकीचा पडदा धरून उभा, आणि पुढे थेट मागचं कव्हर. मी दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात परत गेले तर तोच पोरगा, 'किलो के माल में वापसी नहीं होती मॅडम'. म्हटलं वापसी नको, दुसरी कॉपी दे, तर म्हणे तुम्हीच शोधा, आणि ढीग दाखवला, तो ढीग काय शोधता, आख्खा टेम्पो होता. निदान काट्याजवळ एक कागद तरी लावावा की घेण्याआधी पानं तपासून घ्या. माझी पण चूक आहे म्हणा, भाजी घेताना मी वांगं उलटून देठ बघते आणि पुस्तकाचं शेवटचं पान नाही बघितलं. आईला सांगितलं तर म्हणाली राहू दे, तो उतरलाच नसेल खाली, घरावर नजर टाकून निघून गेला असेल. मी म्हटलं आई, ही अमेरिकन पुस्तकं आहेत, उतरलाच असणार. ती काही बोलली नाही, पुस्तक मात्र रद्दीत टाकू दिलं नाही.

आणि आता ती जुडी. मॅरिलिन रॉबिन्सन यांचं 'गिलियड', 2004 चं, 2005 ला पुलित्झर मिळालेलं, आणि ते आमच्याकडे तराजू भरायला आलं. कव्हरवर शेत पण नाही पोरगी पण नाही, म्हणून मी सगळ्यात शेवटी हातात घेतलं. आयोवामधलं गिलियड नावाचं काल्पनिक गाव, 1956 साल, जॉन एम्स हे 76 वर्षांचे पाळक, हार्ट गेलेलं, उशिरा लग्न, मुलगा जेमतेम सात वर्षांचा. तो मोठा होईल तेव्हा आपण नसणार म्हणून ते त्याला एक लांबच लांब पत्र लिहून राहिले, तेच पुस्तक. पहिली पन्नास पानं काहीच होत नाही, मी दोनदा ठेवून दिलं, खरं सांगते. मग एक प्रसंग येतो. वीज पडून चर्च जळालेलं, भर पावसात गावचे लोक ढिगारा उपसतात, लहान एम्सला बाप बिस्किट आणून देतो आणि बापाच्या हाताची काजळी त्या बिस्किटाला लागलेली. तो ते खातो, आणि म्हातारपणी त्याला आठवताना ते प्रभुभोजनच वाटतं, चर्चमध्ये येशूच्या आठवणीनं भाकर देतात ते. एवढंच. तिथे मी उठून पाणी प्यायले.

एम्स काँग्रिगेशनल आणि त्यांचा जिगरी दोस्त बॉटन प्रेस्बिटेरियन, पंथ वेगळे, दोघं आयुष्यभर त्यावरून वाद घालतात. यावर आई फार हसली, कारण आमच्याकडे हे भांडण कधीच मिटलं. 29 नोव्हेंबर 1970 ला इथेच नागपुरात सहा चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला, आई तेव्हा 19 वर्षांची, गर्दीत टाचा उंच करून उभी होती म्हणते. एकी झाली तरी कोण आधी कुठल्या मिशनचं हे लोक अजून लक्षात ठेवून आहेत, सोयरीक जमवताना बरोबर निघतं.

बॉटनचा पोरगा जॅक, लहानपणापासून चोऱ्या, नंतर त्याहून वाईट, वीस वर्षांनी गावात परत येतो. पूर्ण नाव पण एम्सचंच ठेवलेलं, जॉन एम्स बॉटन, आणि एम्सना तो आवडत नाही! हे मला फार म्हणजे फार पटलं. पाळक, इतका देवभोळा चांगला माणूस, रोज प्रार्थना करून राहिला की मला या पोराला माफ करता येऊ दे, आणि होत नाही, दुसऱ्या दिवशी तो अंगणात दिसला की परत पोटात गोळा. आपल्यानंतर हा आपल्या बायकोपोराजवळ तर नाही ना घुटमळणार अशी भीती. पुढे कळतं ते सांगू की नको, ज्यांना वाचायचंय त्यांनी ही दोन वाक्यं सोडा. जॅकची बायको काळी आहे, एक मुलगा आहे, आणि त्या काळच्या अमेरिकेत आख्ख्या दक्षिणेत असं लग्न कायद्यानंच बंद, तो बंदीचा कायदा सगळीकडून गेला 1967 ला. तो गावात चाचपायला आलेला असतो की इथे आपल्याला राहता येईल का, आणि बापाला सांगूच शकत नाही. शेवटी तो निघतो, बाप मरणाला टेकलेला असताना निघतो, सगळं गाव नाव ठेवणार, आणि एम्स बस स्टॉपवर त्याच्या कपाळावर हात ठेवून आशीर्वाद देतात. तोच गणनेच्या पुस्तकातला आशीर्वाद, 'परमेश्वर आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो', जो आमच्याकडे दर रविवारी शेवटी होतो, तेव्हा निम्मी मंडळी पर्स आवरत असते आणि पोरं दाराकडे सरकलेली असतात. मी चाळीस वर्षं तो ऐकतेय. बस स्टॉपवर कधी ऐकला नव्हता.

कोणी गळ्यात पडत नाही, जॅक सुधारत नाही, बसमध्ये बसतो आणि जातो.

हे वाचून मला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' परत काढावंसं वाटलं. ती कादंबरी नाही, पण घर आणि धर्म यांची ओढाताण त्याहून चांगली कुठे आहे? त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, इथे नागपुरात बुटींकडे कामाला होते, मग राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या माणसानं हातात बायबल दिलं आणि 1895 ला नवरा ख्रिस्ती झाला. बाईंनी बाप्तिस्मा घेतला 1900 ला. मधली सगळी वर्षं सोवळं, रडणं, माहेरच्यांचे टोमणे, आणि तरी प्रत्येक पानावर हसू येतं. त्या अमेरिकन कादंबऱ्या लिहिणाऱ्या बायकांना कोणीतरी 'स्मृतिचित्रे' वाचायला द्या, माफीची घाई कमी होईल.

तर हिशोब असा. दहामधली सहा मंडळीच्या वाचनालयाला दिली, तिथे ती पळतात, बायका रांग लावून नेतात, त्यात काही वाईट नाही, दुपार बरी जाते. तीन रद्दीत, त्यात एक पॅनकेकवालं. बिनशेवटाचं आईच्या उशाशी. 'गिलियड' मात्र अर्धा तास, अर्धा तास करून वाचा, दोनदा ठेवलं तरी तिसऱ्यांदा उचला, माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा कापला त्या पहिल्या पन्नास पानांसाठी. अशा किलोच्या प्रदर्शनात जाणार असाल तर संध्याकाळी पाचनंतर जा, माल बघायला जागा मिळते, आणि शेवटचा फॉर्मा तपासा.

'गिलियड' नंतर रॉबिन्सनबाईंनी त्याच लोकांवर अजून तीन लिहिली, 2008 चं 'होम' हे त्याच दिवसांत बॉटनच्या घरात काय चाललं होतं ते. आईला जॅकचं घर आतून बघायचं होतं म्हणून ऑनलाइन मागवलं, किलोनं नाही, पूर्ण किमतीत. परवा पार्सल आलं. आईनं चष्मा पुसला, कागद फाडला आणि सगळ्यात आधी शेवटचं पान उघडून पाहिलं, आहे का ते.