ग्राफाना: डॅशबोर्डसाठी उत्तम, पण मूळ सेटिंग्ज आधी बदला

ॲप किंवा वेबसाइटची तब्येत एका पानावर बघायची असेल, तर ग्राफाना या आकड्यांचे आलेख मांडणाऱ्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरून उरते. पान २४ कॉलमांचं असतं, पॅनल (एकेका आलेखाचा किंवा आकड्याचा चौकोन) ओढून हवं तेवढं करता येतं. खटकतात ती त्याची मूळ सेटिंग्ज.

नव्या पॅनलला थ्रेशोल्ड (रंग बदलण्याच्या मर्यादा) आयतेच लागलेले असतात: खाली हिरवा, ८० पासून लाल. सीपीयूच्या टक्क्यांना हे चालतं. पण एकच मोठा आकडा दाखवणाऱ्या ‘स्टॅट’ पॅनलवर ऑर्डरी दाखवल्या, तर ४५० ऑर्डरींचा चांगला दिवसही लालभडक दिसतो आणि बघणारा उगाच धास्तावतो. ८० ची ओळ काढूनच टाका. शिवाय तिथलं ‘कॅल्क्युलेशन’ शेवटच्या आकड्यावर असतं. क्वेरी (डेटाबेसकडे केलेली आकड्यांची मागणी) तासातासाची असेल, तर दिवसभराच्या ऑर्डरी म्हणून फक्त शेवटचा तास दिसतो. ‘टोटल’ निवडा.

रुपयाचं युनिट निवडलं की सव्वा लाखाचे ‘₹१२५ के’ (के म्हणजे हजार) होतात. आपल्याकडच्या हिशेबाला हे अगदीच परकं वाटतं. त्याऐवजी ‘लोकेल फॉरमॅट’ घ्या आणि ₹ पॅनलच्या नावात लिहा. ब्राउझरची भाषा इंग्रजी (भारत) असेल तर स्वल्पविराम लाखाच्या जागी पडतो.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे साठवली असेल, तर ग्राफाना ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतो आणि आलेख साडेपाच तास पुढे सरकतो. क्वेरीतच वेळ यूटीसीत बदलून घ्या. प्रोमिथियस या ठरावीक वेळाने मोजणी साठवणाऱ्या साधनाचा आलेख रिकामा येत असेल, तर आधी रेटची (वाढीचा वेग काढणाऱ्या फंक्शनची) खिडकी, म्हणजे ते किती वेळाचे आकडे बघतं ते, तपासा: मोजणी दर ६० सेकंदांनी आणि खिडकी १ मिनिटाची असेल, तर रेटला लागणारे दोन नमुने तिच्यात बसत नाहीत. खिडकी निदान ४ मिनिटांची ठेवा.

मोबाइलवर सगळी पॅनलं एकाखाली एक येतात, म्हणून महत्त्वाचं डावीकडे वर ठेवा. क्वचित लागणारी पॅनलं मिटलेल्या ‘रो’मध्ये (पॅनलांच्या घडी करता येणाऱ्या गटात) टाका, रो उघडेपर्यंत त्यांच्या क्वेरी चालत नाहीत, पान हलकं राहतं.

टीमसाठी बेधडक घ्या. ग्राहकांना दाखवायच्या पानासाठी मात्र नको. मोफत आवृत्तीत नुसता ‘व्ह्यूअर’सुद्धा (फक्त बघण्याची परवानगी असलेला युजर) त्याच्या ऑर्गनायझेशनला जोडलेल्या डेटा सोर्सवर, म्हणजे डेटाबेसवर, स्वतःची क्वेरी चालवू शकतो, डॅशबोर्डवर जे मांडलंय तेवढ्यापुरतं त्याला अडवता येत नाही. त्यामुळे ग्राफानाला डेटाबेसचा वेगळा युजर द्या, फक्त वाचण्यापुरता आणि लागतील तेवढ्याच टेबलांचा.