जॉर्जियन रमर ग्लास : वर्षभर रोजच्या वापरानंतर

काल एका रमरच्या पायाचा टवका उडाला, सिंकच्या नळाला जरासा टेकला इतकंच, म्हणून चिडून लिहायला बसलेय. माप-बीप सांगत बसत नाही, रमर म्हणजे मोठ्या पेल्याचे, आखूड दांडीचे आणि खाली गोल पाय असलेले जुने इंग्लिश ग्लास. माझे चार, 1820च्या आसपासचे, म्हणजे जॉर्ज नावाच्या राजांच्या काळातले, म्हणून जॉर्जियन. इथे इंग्लंडात लीड्सला राहतो, ऑनलाइन घेतले, नवीन डिझायनर ग्लासच्या भावातच पडले. नवरा म्हणतो शोकेसमध्ये ठेव. शोकेसला काय तहान लागते?

विक्रेत्याने 'सेट' म्हणून विकले आणि एक बोटभर बुटका, एक टेबलावर डुलतो. मेल केला तर उत्तर काय, हाताने केलेत मॅडम. चांगलीच भांडले, थोडे पैसे परत काढलेच. तेव्हा दोन स्टार देणार होते.

पण वापरता वापरता नजर बसली. काठ घासून नाही, आगीत वितळवून गोल केलाय, ओठाला धार म्हणून लागत नाही. एका जागी काठ किंचित जाड लागतो, मऊ काच कात्रीने कापत आणली ती तिथे येऊन मिळाली. एकाच्या बुडाला अजून पाँटिलचा खरबरीत व्रण आहे, काठ करताना ग्लास ज्या लोखंडी सळईला चिकटवून धरतात ती मोडून काढली की राहतो तो, बाकी तिघांचा घासून गुळगुळीत केलाय. आणि टिचकी मारली की घुमतो, शिशाची काच ना, 1670च्या दशकात रेव्हन्सक्रॉफ्ट या इंग्लिश काचवाल्याने आणली तीच.

आता ते शिसं. सुरुवातीला मी यात लिंबू सरबत, कोकम सगळं प्यायचे, मग वाचलं की आंबटात शिसं जास्त उतरतं. आता फक्त पाणी, तेही ओतलं की लगेच संपवायचं, भरून ठेवायचं नाही, आणि मुलांना अजिबात नाही. म्हणजे बघा, एवढे पैसे आणि साधं ताक पिता येत नाही!

तर टवका. आधीच्या ग्लासांच्या पायाची कड आत दुमडून दुहेरी करायचे, सहज फुटत नसे. 1745ला ब्रिटिश सरकारने काचेवर वजनावर टॅक्स लावला, एवढी काच कोण घालणार, दुमड जवळजवळ गेलीच. टॅक्स उठला 1845ला. माझे नेमके मधले. कारागिराला काय बोलणार, दोनशे वर्षांपूर्वीच्या टॅक्सवाल्यांनी माझा ग्लास फोडलाय.

साडेतीन स्टार. अर्धा डुलणाऱ्याला, कारण आता सगळ्यात आधी हात त्याच्याकडेच जातो. डिशवॉशरमध्ये घालाल तर काच धुरकट होईल. दुमडलेल्या पायाचा कोणी रास्त भावात देत असेल तर सांगा, पण 'सेट' म्हणून नको.