रत्नागिरीच्या बाजारपेठेतील नवी इमारत : एका पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

रत्नागिरीच्या राम आळीपासून थोड्याच अंतरावर, एका जुन्या कौलारू दुमजली घराच्या जागी बांधलेल्या पाच मजली इमारतीत आम्ही गेल्या वर्षीच्या मे महिन्यात राहायला आलो. तिसऱ्या मजल्यावरची ही सदनिका घेण्यामागे मुलीचे शिक्षण हेच मुख्य कारण होते. गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात तिला चालत जाता यावे आणि देवरुखहून एस्टीने रोज ये-जा करण्यात तिचे जे तीन तास जात होते ते वाचावेत, एवढीच आमची अपेक्षा होती. इमारतीचे व विकासकाचे नाव मी येथे देत नाही. बाजारपेठेत जुनी घरे पाडून अशाच धर्तीच्या इमारती उभ्या राहत आहेत आणि त्यांत घर घेऊ इच्छिणाऱ्यांना नावापेक्षा बांधकामाची माहिती अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.

व्यवहाराच्या बाजूने मी समाधानी आहे. प्रकल्प महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदलेला होता, नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्यात आली नाही आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा अधिकृत दाखला) हाती आल्यावरच ताबा मिळाला. करारात चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतील प्रत्यक्ष वापराची जागा, ४१५ चौरस फूट होते. मी स्वतः फीत लावून मोजले तेव्हा ते ४१२ भरले, म्हणजे करारात मान्य केलेल्या ३ टक्क्यांच्या फरकाच्या आतच होते. ताबा पाच महिने उशिरा मिळाला. स्थावर संपदा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे त्या पाच महिन्यांचे व्याज मागणारे पत्र मला दोनदा लिहावे लागले, परंतु शेवटी व्याज मिळाले, हे नोंदवणे न्याय्य ठरेल.

खरी परीक्षा जूनमध्ये सुरू झाली. या शहरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो सरळ पडत नाही. नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तो तिरपा येतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर तासन्‌तास आपटत राहतो. जुन्या घरांना लांब उतरते छप्पर आणि भोवती पडवी असे, त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून हातभर दूर पडत आणि चिऱ्याची भिंत बऱ्याच अंशी कोरडी राही. १९१० साली बांधलेला थिबा राजवाडा तीन मजली असूनही त्याची उतरती छपरे पाहिली की त्या काळच्या बांधणाऱ्यांनी पावसाचा विचार सर्वांत आधी केला होता हे लक्षात येते. आमच्या इमारतीला मात्र वरती सपाट गच्ची आहे आणि पश्चिमेकडील खिडक्यांवर जेमतेम वीतभर रुंदीचे छज्जे आहेत. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीत पाणी साचते आणि वाऱ्याच्या झोताबरोबर ते आत येते. जुलैमध्ये आम्ही रात्री उठून तेथे फडकी पिळत होतो.

याहून गंभीर दोष भिंतीत निघाला. काँक्रीटच्या सांगाड्यात जांभ्याच्या चिऱ्यांऐवजी हलके सिमेंटचे ब्लॉक भरलेले आहेत. काँक्रीट आणि ब्लॉक उन्हात व ओलीत सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, म्हणून दोहोंच्या सांध्यावर गिलाव्याखाली बारीक जाळी ठोकावी लागते. आमच्या पश्चिमेच्या भिंतीत ती ठोकलेली नव्हती. सांध्यात केसाएवढी भेग पडली, तिच्यातून पाणी झिरपले आणि ऑगस्टपर्यंत मुलीच्या अभ्यासाच्या टेबलामागे काळी बुरशी चढली. तिची पुस्तके आम्हांला स्वयंपाकघरात हलवावी लागली. कायद्यानुसार ताब्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विकासकाने ३० दिवसांच्या आत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. लेखी तक्रारीनंतर माणसे आली, पण भर पावसात बाहेरून काम करणे शक्य नव्हते. ऑक्टोबरमध्ये गिलावा फोडून जाळी बसवण्यात आली. हे काम त्यांनी नीट केले, परंतु मूळ बांधकामाच्या वेळी ते अगदी थोड्या खर्चात झाले असते याचे वाईट वाटते.

खाऱ्या हवेचा विचारही अर्धवट झालेला आहे. सांगाड्याचा आराखडा मी मागून पाहिला, तेव्हा सळईवरील काँक्रीटचे आवरण ४५ मिलिमीटर दाखवलेले होते, म्हणजे तेथे काळजी घेतलेली होती. किनाऱ्यावर घर घेणाऱ्याने हा आकडा अवश्य विचारावा, कारण आवरण कमी पडले की सळई गंजून फुगते आणि काही वर्षांत तुळयांचे पापुद्रे सुटू लागतात. गॅलरीचे गज मात्र साध्या लोखंडाचे आहेत आणि एका पावसाळ्यातच त्यांच्या जोडांवर गंज चढला आहे.

पहिल्या मजल्यावरच्या दोन सदनिकांत महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली भाड्याने राहतात. रत्नागिरीसारख्या विद्यार्थ्यांच्या शहरात भर बाजारात बांधताना असे भाडेकरू येणार हे विकासकाला ठाऊकच असते, आणि तरीही चार महिने कपडे वाळवायला इमारतीत एकही झाकलेली जागा ठेवलेली नाही. त्या मुली जिन्याच्या कठड्यावर ओले कपडे टाकतात आणि त्यावरून रहिवाशांत कुरबुरी होतात. माझ्या मते यात दोष मुलींचा नाही.

तळमजल्यावर जुन्या घरातील भाडेकरू दुकानदारांना, मसालेवाल्यांना आणि वह्या-पुस्तकांच्या दुकानाला, पुन्हा जागा मिळाल्या आहेत. पुनर्विकासात ही गोष्ट सहजासहजी घडत नाही, म्हणून तिचे मोल मोठे आहे. पण दुकानांपुढची पडवी गेली. पूर्वी सर आली की भाजी घेऊन आलेल्या गावाकडच्या बायका, शाळेची मुले, एस्टी चुकलेली माणसे तेथे निःसंकोच उभी राहत. वह्यांच्या दुकानातले काका त्यांना आत सरकायला जागा करून देत. आता तेथे काचेचे दर्शनी भाग आणि रस्त्यापर्यंत आलेल्या पायऱ्या आहेत. पाऊस आला की माणसे छत्री सावरत पुढे निघून जातात. सहा-सात फूट रुंदीची झाकलेली वाट दुकानांपुढे सोडली असती तर दुकानदारांचाही धंदा पावसाळ्यात टिकला असता, असे त्या काकांनीच मला सांगितले.

एका गोष्टीसाठी मात्र विकासकाचे मनापासून आभार मानले पाहिजेत. मागच्या अंगणातली जुनी चिरेबंदी विहीर त्यांनी बुजवली नाही. तिच्यावर जाळी टाकली, पंप बसवला आणि गच्चीवरचे पाणी गाळून तिच्यात सोडले. उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणाऱ्या शीळ धरणातली पातळी उतरून नगर परिषदेचे पाणी एक दिवसाआड येऊ लागले, तेव्हा आसपासच्या इमारतींत टँकर येत होते आणि आम्ही विहिरीवर निभावले. त्या विहिरीसाठी वाहनतळाच्या दोन जागा कमी झाल्या. त्याबद्दल एकाही सदनिकाधारकाची तक्रार नाही.

मुलांच्या शिक्षणासाठी बाजारपेठेत घर शोधणाऱ्यांना मी ही इमारत सुचवेन, पण पूर्वेच्या बाजूची सदनिका घ्यावी असेच सांगेन. पश्चिमेची घ्यायचीच असेल तर ती जुलैमध्ये, पाऊस चालू असताना जाऊन पाहावी आणि भिंतीला हात लावून पाहावा. आम्ही अकरा सदनिकाधारकांनी मिळून पश्चिमेच्या खिडक्यांवर अडीच फुटी छज्जे आणि गच्चीच्या एका भागावर कपडे वाळवण्यासाठी पत्र्याची शेड यांचा आराखडा नगर परिषदेकडे परवानगीसाठी दिला आहे. मृगाच्या आत ते काम व्हावे यासाठी आमचे हेलपाटे चालू आहेत.