मॅट्रिक्स-१००० की एमकेएस-५०? जुना ॲनालॉग रॅक सिंथ घेण्याआधी

जुन्या ॲनालॉग सिंथचा (सिंथेसायझरचा) आवाज हवा असतो, पण कीबोर्डवाल्या मूळ यंत्रांच्या किमती ऐकून माणूस गप्प बसतो. मग नजर रॅककडे, म्हणजे चौकटीत स्क्रूने बसवायच्या सपाट डब्यांकडे, वळते. आतलं सर्किट बरंचसं त्याच जातीचं, फक्त पट्ट्या नाहीत आणि नॉबही जवळजवळ नाहीत, म्हणून भाव खाली. या वाटेवर दोन नावं हमखास भेटतात: ओबरहाइमचा मॅट्रिक्स-१००० आणि रोलँडचा एमकेएस-५०. दोन्ही १९८७-८८च्या सुमाराचे, दोन्ही रॅकमधलं एकच युनिट खाणारे, दोन्हींत सहा व्हॉइस, म्हणजे एका वेळी सहा सूर. कागदावर फरक शोधावा लागतो. रोज वापरायला घेतलं की तो आपणहून समोर येतो.

रोलँडचाच एमकेएस-८० (आठ व्हॉइस, सोळा व्हीसीओ म्हणजे स्वर काढणारी ऑसिलेटर सर्किटं, १९८४) इथे घेतलेला नाही. आवाज भारदस्त आहे यात वादच नाही, पण त्याची किंमत या दोघांच्या कित्येक पट. ज्याला तो परवडतो त्याला असले आढावे वाचायची गरज नसते.

आधी ओबरहाइम या नावाबद्दल. ओबी-एक्स (१९७९), ओबी-एक्सए आणि ओबी-८ यांनी हे नाव मोठं केलं आणि विक्रेते मॅट्रिक्स-१०००च्या जाहिरातीत तीच पुण्याई वसूल करतात. पण ती यंत्रं व्हीसीओची होती, म्हणजे स्वराची उंची व्होल्टेज ठरवायचं, आणि खोली तापली की सूर हलायचा. मॅट्रिक्समध्ये डीसीओ आहेत. स्वराची वेळ डिजिटल काउंटर मोजतो. तरंगाचा आकार, फिल्टर आणि ॲम्प्लिफायर मात्र ॲनालॉगच. एमकेएस-५०चीही तीच रीत. त्यामुळे 'ओबी-एक्सचा आवाज स्वस्तात' या आशेने मॅट्रिक्स घेणार असाल तर थांबा. तो ओबी-एक्स नाही.

डीसीओ म्हणजे कमअस्सल, असंही समजू नका. तानपुऱ्याच्या ट्रॅकवर पॅड (लांब, मऊ स्वरांचा थर) ठेवणाऱ्याला तर हे वरदान आहे. षड्ज लावला की तिथेच राहतो, दोन तासांनी पुन्हा जुळवत बसावं लागत नाही.

आवाज

मॅट्रिक्स-१०००च्या प्रत्येक व्हॉइसमध्ये दोन ऑसिलेटर, चार पोलचा लो-पास फिल्टर (आवाजातला तिखट भाग कापणारा), तीन एन्व्हलप (आवाज कसा उठतो आणि विरतो ते ठरवणारे) आणि दोन एलएफओ (आवाज संथपणे डोलवणारे) आहेत. खरी दौलत मॉड्युलेशनची. दहा जागा, वीस स्रोत, बत्तीस ठिकाणं, म्हणजे कुठलीही हालचाल जवळपास कुठेही जोडता येते. त्यावर पहिला ऑसिलेटर थेट फिल्टरला हलवू शकतो, त्यातून घंटेसारखे, किंचित खरखरीत धातूचे आवाज निघतात. स्ट्रिंग्ज, ब्रास आणि सावकाश उमलणारे पॅड यांत हा डबा फार पुढे आहे. अडचण एकच: एन्व्हलप सॉफ्टवेअरमधून येतात आणि आतला प्रोसेसर आठ बिटांचा, म्हणून चटकदार, टोकदार सुरुवात जमत नाही. टणक बेस किंवा तबल्याच्या चाटीसारखा तुटक ठोका हवा असेल तर निराशा होईल. शिवाय आउटपुट मोनो आणि इफेक्ट एकही नाही. कोरडा ऐकलात तर 'एवढंच?' वाटतं. मागे बरा कोरस (आवाज जाड करणारा) आणि रिव्हर्ब (घुमवणारा) लावला की मत बदलतं.

एमकेएस-५० हा रोलँडच्याच अल्फा जुनो या कीबोर्डचा रॅक अवतार. प्रत्येक व्हॉइसला एकच ऑसिलेटर, सोबत खालचा सूर देणारा सब-ऑसिलेटर, एकच एन्व्हलप, एकच एलएफओ. वाचताना दरिद्री वाटतं. पण त्याच्या सॉ (करवतीच्या दातासारख्या) तरंगाचेही प्रकार आहेत आणि त्यातल्या एकाची रुंदी पल्स (चौकोनी) तरंगाप्रमाणे हलवता येते. रोलँडसाठी आवाज घडवणाऱ्या एरिक पर्सिंग यांनी बनवलेला 'व्हॉट द' हा फॅक्टरी आवाज याच सोयीवर उभा आहे, आणि १९९१नंतरच्या रेव्ह नृत्यसंगीतात ती व्हॅक्यूम क्लीनरसारखी घोंघावणारी 'हूवर' गर्जना जगभर पोचली ती इथूनच. बाकी वेळी हा डबा सभ्य असतो: गोल बेस, मऊ पॅड, आणि आत बसवलेला स्टीरिओ कोरस. तो कोरस सुरू केला की एका ऑसिलेटरची उणीव निम्मी भरून निघते. बंद केला की यंत्र किती साधं आहे ते उघडं पडतं.

नुसत्या आवाजावर बोलायचं तर माझं मत मॅट्रिक्सला. खोली जास्त आहे आणि वर्षभर वापरूनही नवं काही सापडत राहतं. पण मत बदलायला लावणारी गोष्ट पुढे आहे.

आवाज बदलायचा कसा?

मॅट्रिक्स-१०००च्या पुढच्या पट्टीवर तीन आकड्यांचा एलईडी डिस्प्ले, अंकांची बटणं आणि आणखी मोजकी बटणं. बस्स. आवाजांची नावंही दिसत नाहीत. ४३७ दाबा, जे वाजेल ते ऐका, ४३८ दाबा. हजार आवाजांपैकी २०० ते ९९९ रॉममध्ये कायमचे कोरलेले, तर ० ते १९९ तुमच्यासाठी मोकळे. मात्र त्या मोकळ्या जागेत भरायचं काय, हे पुढच्या पट्टीवरून ठरवताच येत नाही. एखादा पॅड अगदी मनासारखा आहे, फक्त फिल्टर थोडा मिटवायचा आहे. पट्टीवरून तेही होत नाही. संगणकावरचा एडिटर किंवा बाहेरचा कंट्रोलर लागतोच.

इथेच बऱ्याच जणांचं घोडं अडतं. मूळ फर्मवेअर (यंत्र चालवणारा आतला प्रोग्राम) एडिटरकडून येणारे संदेश कूर्मगतीने पचवतं. नॉब सलग फिरवला की आवाज अडखळत, उड्या मारत बदलतो. उत्साही मंडळींनी नंतर सुधारलेलं फर्मवेअर तयार केलं (१.२० ही आवृत्ती त्यातली), ते घातलेलं यंत्र आणि न घातलेलं यंत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्यासाठी आतली ईप्रॉम चिप (फर्मवेअर तिच्यातच असतं) बदलावी लागते. चिप सॉकेटमध्ये असते, काम पाच मिनिटांचं, पण चिप कोणीतरी लिहून द्यायला हवी. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: फर्मवेअर कुठलं? 'म्हणजे काय?' असं उत्तर आलं तर ते जुनंच आहे असं धरून चाला आणि भाव त्याप्रमाणे पाडा.

एमकेएस-५० इथे दयाळू आहे. पुढच्या बटणांवरून एकेक पॅरामीटर निवडून किंमत वरखाली करता येते. कंटाळवाणं आहे, पण संगणक न उघडता फिल्टर तरी मिटवता येतो. मुळात पॅरामीटरच कमी, त्यामुळे हरवायला होत नाही. रोलँडने यासाठी पीजी-३०० नावाचा स्लायडरवाला प्रोग्रामर काढला होता. आज तो सुटा घ्यायचा तर कधीकधी मॉड्यूलच्या जवळपास पैसे मागतात, त्या मोहात पडू नका. सिस्टिम एक्सक्लुझिव्ह संदेश (यंत्राच्या आतल्या सेटिंगसाठीची खास भाषा) पाठवणारा कुठलाही आधुनिक कंट्रोलर तेच काम करतो.

दोघांनाही लागू असलेली एक बारीक गोष्ट. संगणक आणि सिंथ जोडणारी, शेपटीसारखी स्वस्त यूएसबी-मिडी केबल घेऊ नका. साध्या नोट ती व्यवस्थित नेते, पण लांब सिस्टिम एक्सक्लुझिव्ह संदेश आला की मध्येच तुकडे गाळते. दोनशे आवाजांचा बॅकअप परत भरताना निम्मे आवाज विचित्र लागले तर सिंथवर संशय घेण्याआधी केबल बदला.

दुरुस्ती, व्होल्टेज आणि कस्टम

दोन्हींत मेमरी जपणारी लिथियम बॅटरी असते आणि मूळची असेल तर पस्तीस वर्षांवर वयाची. ती संपली की मॅट्रिक्सचे दोनशे आवाज उडतात, रॉममधले आठशे राहतात. बॅटरी बदलताना थेट झाळण्याऐवजी होल्डर बसवून घ्या, पुढच्या वेळी सोल्डरिंग लागणार नाही. होल्डर, बॅटरी, पॉवर सप्लायचे कपॅसिटर हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतं. सीईएम ३३९६ मिळत नाही. मॅट्रिक्सच्या प्रत्येक व्हॉइसचं बहुतेक सगळं या एका कर्टिस चिपमध्ये आहे, अशा सहा चिपा. त्यातली एक गेली की दुसऱ्या यंत्राचं अवयवदान शोधत बसायचं.

म्हणून विकत घेण्याआधी सहाही व्हॉइस तपासा. फिल्टर उघडा असलेला साधा आवाज घ्या, सहा सूर एकत्र दाबून धरा, मग एकेक सोडत जा. नंतर एकच सूर सावकाश दहा-बारा वेळा वाजवा. व्हॉइस आलटूनपालटून येत असतील तर आजारी व्हॉइस ठरावीक अंतराने बोदा, मंद किंवा गायब ऐकू येतो. दूरचा व्यवहार असेल तर याचाच व्हिडिओ मागा. विक्रेते पाठवतात तो व्हिडिओ बहुधा रिव्हर्बमध्ये बुडवलेल्या सुंदर पॅडचा असतो आणि त्यातून काहीही कळत नाही.

कोणी 'एमकेएस-७ घ्या, तोही रोलँडच' म्हणालं तर एवढं लक्षात ठेवा: त्यात रोलँडच्या जुनो-१०६ कीबोर्डच्याच ८००१७ए चिपा आहेत, आणि रेझिनमध्ये बुडवलेल्या त्या चिपा मरतात म्हणून बदनाम आहेत. एमकेएस-५०मध्ये त्या नाहीत. या तिघांत निवांत म्हातारपण त्याच्याच वाट्याला आलं आहे.

आता भारतात राहणाऱ्यांसाठी. जपानमधून स्वस्तात दिसणारा एमकेएस-५० बहुधा १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला ११७ व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टला सरळ जोडला तर व्यवहार तिथेच संपतो. मागच्या पट्टीवरचा आकडा वाचा आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचे पैसे आधीच धरा. कुरिअरने मागवलं तर भाडं, कस्टम, आयजीएसटी आणि हाताळणी खर्च मिळून 'स्वस्त' हा शब्द उरत नाही. रॅक अठ्ठेचाळीस सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम साडेचार सेंटिमीटर जाड असतो, मोठ्या सुटकेसमध्ये कपड्यांच्या मधोमध बसतो. न्यू जर्सीचा मावसभाऊ दिवाळीला येणार असेल तर त्याला आत्ताच गोड बोला. मुंबई-कोकणात ठेवणार असाल तर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर सुरू करा, नाहीतर बटणं आणि सॉकेट गंजून करकरायला लागतात.

की नवंच घ्यावं?

डीपमाइंड १२डी हा बेहरिंगरचा डेस्कटॉप डबा बाजूला रॅकच्या पट्ट्या लावून रॅकमध्येही बसतो. बारा व्हॉइस, दोन डीसीओ, तीन एन्व्हलप, मॉड्युलेशनच्या आठ जागा, चार इफेक्ट, आणि पुढे स्लायडरांची रांग. हात लावला की आवाज बदलतो. यादीत तो दोन्ही म्हाताऱ्यांना मागे टाकतो. कानाला मात्र तो जुनोच्या घराण्याचा लागतो. मॅट्रिक्सचं ते किंचित काचेरी, फिल्टर थरथरवणारं रूप त्यात सहज येत नाही. नुसता अल्फा जुनो हवा असेल तर टॅल-फा हे सॉफ्टवेअर इतकं जवळ जातं की गाण्याच्या मिक्समध्ये एमकेएस-५० ओळखून दाखवणारा मला अजून भेटायचा आहे.

त्यामुळे माझ्या लेखी एमकेएस-५० विकत घ्यायचं कारण एकच उरतं: स्क्रीनपासून लांब, साध्या मिडी कीबोर्डला जोडून वाजवायचं आहे आणि तो गावातच रास्त भावात मिळतोय. आयात करून नको. मॅट्रिक्स-१०००ची नक्कल सहज मिळत नाही, म्हणून त्यासाठी खटपट करण्यात अर्थ आहे, पण दोन अटींवर. फर्मवेअर नवं असावं किंवा करून देणारा माणूस ओळखीचा असावा, आणि तुम्हाला स्वतः आवाज घडवत बसायची आवड असावी. तयार आवाज निवडून काम उरकणाऱ्याने डीपमाइंडच घ्यावा, बिलासकट आणि वॉरंटीसकट. ओबरहाइमचं नाव पाहून हात शिवशिवत असतील तर आधी ओबी-एक्सडी हे ओबी-एक्सची नक्कल करणारं, संगणकावरचं मोफत प्लगइन उतरवून घ्या. तुम्हाला हवा असलेला आवाज बहुधा त्याच कुळातला निघेल, आणि तो मॅट्रिक्समध्ये नाहीच.