दुर्बिणीवरचा मिनी पीसी आणि वायफाय: एका हंगामाचा अनुभव

दिवाळीपासून वळवाच्या पावसापर्यंत, म्हणजे आपल्याकडचा आकाश फोटोग्राफीचा जवळजवळ अख्खा हंगाम, ही मांडणी वापरून झाली. दुर्बिणीच्या नळीवर विंडोजचा मिनी पीसी, त्यात निना (कॅमेरा आणि माउंट, म्हणजे दुर्बीण फिरवणारा पाया, चालवणारं सॉफ्टवेअर) आणि पीएचडी टू (गायडिंगचं, म्हणजे दुर्बीण ताऱ्यावर नेमकी धरून ठेवणारं सॉफ्टवेअर), ट्रायपॉडच्या पायाला वेल्क्रोने बांधलेला खिशात मावणारा ट्रॅव्हल राउटर आणि हातात टॅब्लेट, ज्यावर रिमोट डेस्कटॉपने पीसीचा स्क्रीन दिसतो. भंडारदऱ्याकडे मोबाइलला रेंज नसली तरी काही अडत नाही.

राउटर कशाला, मिनी पीसीचाच हॉटस्पॉट लावा की, असं बरेच जण म्हणतात. घरी ठीक आहे. पण माळरानावर नेटच नसतं, आणि वाटायला काही जोडणीच नसेल तर विंडोज हॉटस्पॉट सुरू करायला सहसा तयार होत नाही. आडवाटेने सुरू केला तरी बराच वेळ कोणी जोडलं नाही की वीज वाचवायला तो आपोआप बंद होतो. ती सेटिंग बदलता येते. खरी अडचण निराळी आहे. पीसीचा अँटेना डब्याच्या आत, आणि त्याला खेटून कॅमेऱ्याची यूएसबी ३ केबल. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास पसरतो. इंटेलने यावर २०१२ मध्येच सविस्तर लिहून ठेवलंय. परिणाम असा की फ्रेम डाउनलोड व्हायला लागली की टॅब्लेटवरचा कर्सर जागच्या जागी थिजतो, आणि डाउनलोड संपलं की टुणकन उडी मारून भलतीकडेच जातो.

म्हणून पीसीचं वायफाय सरळ बंद ठेवलं आणि तिथून राउटरपर्यंत हातभर लॅन केबल टाकली. हवेतून जाणारा टप्पा आता एकच, राउटर ते टॅब्लेट, तोही ५ गिगाहर्ट्‌झवर. चॅनेल ३६ पक्का केला, कारण वरच्या काही चॅनेलवर राउटर आधी मिनिटभर तिथे कुठलं रडार चालू नाही ना, ते तपासत बसतो. पीसीला कायमचा आयपी दिलाय आणि टॅब्लेटवरून तोच टाकतो. नावाने शोधायच्या भानगडीत पडत नाही.

याचा खरा फायदा पोलर अलाइनमेंटला, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखताना, कळतो. आपल्या अक्षांशावर ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर, त्यामुळे उत्तरेला डोंगर किंवा आंब्याचं झाड असलं की संपलंच. निनाच्या थ्री पॉइंट प्लगइनला ध्रुव दिसावा लागत नाही, पण एका हाताने माउंटचा स्क्रू फिरवायचा आणि दुसऱ्या हातातल्या टॅब्लेटवर चूक किती उरली ते बघायचं असतं. इथे चित्र दोन सेकंद मागे असेल तर स्क्रू दरवेळी पुढेच जातो. आता ते काम वैताग न होता उरकतं.

एकदा फोटोंचा सीक्वेन्स (ठरवून दिलेली मालिका) लागला की मात्र जोडणी तुटली तरी बिघडत नाही. गायडिंग, मेरिडियन फ्लिप (लक्ष्य मध्यरेषा ओलांडतं तेव्हा दुर्बीण दुसऱ्या बाजूला उलटवणं), फोटो साठवणं सगळं पीसीवरच चाललेलं असतं. रिमोट डेस्कटॉप फक्त खिडकी आहे. गाडीत काचा लावून बसल्यावर कधीकधी तुटतं, दार उघडलं की पुन्हा जोडलं जातं.

काही बारीकसारीक गोष्टी. विंडोज होममध्ये रिमोट डेस्कटॉपने आत शिरता येत नाही, प्रो लागतं. नाहीतर व्हीएनसी (स्क्रीन दुरून दाखवणारा दुसरा प्रकार), आणि मग मॉनिटर नसल्यामुळे रिझोल्यूशन गंडू नये म्हणून एचडीएमआयचा डमी प्लग. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज येताच सुरू होण्याचा पर्याय लावून ठेवा, म्हणजे दवाने भिजलेल्या नळीवर बटण चाचपत बसावं लागत नाही. अपडेट घरूनच पुढे ढकलून निघा. मोबाइल वापरणार असाल तर या वायफायवर नेट नाही म्हणून तो गुपचूप डेटावर सरकतो, ते आपोआप बदलणं बंद करा. आणि राउटरच्या निळ्या दिव्यावर काळी टेप लावाच, नाहीतर शेजारचे दुर्बीणवाले तुमचा उद्धार करतील.

तक्रार एवढीच, की एक डबा आणि दोन वायरी वाढल्या, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवरून राउटरसाठी ५ व्होल्टचा कन्व्हर्टर वेगळा लावावा लागला. तुमचे खगोल कॅमेरे सगळे झेडडब्ल्यूओ कंपनीचेच असतील तर या खटाटोपाची गरज नाही, त्याच कंपनीचा एएसआयएअर हा छोटा कंट्रोलर घ्या; त्यात वायफाय आणि अ‍ॅप दोन्ही तयार मिळतं. माझा गायड कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा आहे, त्यामुळे तो रस्ता मला बंदच होता.