अंबडमधील दोन दिवसांचे प्रशिक्षण : सुचलेली कल्पना बोलून दाखवण्यासाठी

कामात नवे काही सुचावे आणि ते प्रत्यक्षात यावे, यासाठी लागणाऱ्या मानसिक व डिजिटल कौशल्यांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण आमच्या कारखान्यातील सहा जणांनी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत नुकतेच घेतले.

पहिल्याच तासाला प्रशिक्षिकेने विचारले, "मशिनवर काय चुकते आहे हे ठाऊक असूनही तुम्ही कोणाला सांगितले नाही, असे काय आहे?" बऱ्याच शांततेनंतर आमच्या एका सीएनसी (संगणक-नियंत्रित यंत्र) ऑपरेटरने सांगितले, की रात्रपाळीत कूलंट (कापताना यंत्र थंड ठेवणारा द्रव) कमी झाले की नुसते पाणी ओतले जाते, ते पातळ होते आणि इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारी बदलता येणारी पाती, लवकर झिजतात. मी त्याचा शिफ्ट इनचार्ज आहे. ही गोष्ट मी त्या दिवशी प्रथम ऐकली, आणि माझ्या मते प्रशिक्षणाचे शुल्क तिथेच वसूल झाले. प्रश्न विचारल्यास किंवा चूक कबूल केल्यास आपला अपमान होणार नाही, असा विश्वास गटात असावा लागतो. व्यवस्थापनाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी 1999 मध्ये कामाच्या गटांविषयी मांडलेली ही 'मानसिक सुरक्षितता' त्या प्रसंगामुळे सर्वांना व्याख्येविनाच कळली. व्यवस्थापनाचे अभ्यासक फ्रेड लुथान्स यांच्या मांडणीतील आशा, आत्मविश्वास, चिवटपणा आणि आशावाद हे चार गुण जन्मजात ठरलेले नसून सरावाने वाढवता येतात, हा भागही उदाहरणांसह आणि स्वच्छ मराठीत समजावला गेला.

डिजिटल भागाची दिशा योग्य होती. तक्रार आकड्यांनिशी मांडली की वरिष्ठांना ती टाळता येत नाही, म्हणून मोबाइलवरील गूगल फॉर्ममध्ये बदललेल्या इन्सर्टची नोंद करणे आणि स्प्रेडशीटमध्ये पाळीनुसार तिची बेरीज काढणे शिकवले. मात्र यासाठी दुसऱ्या दिवसाचा जेमतेम अर्धा भाग ठेवला होता. पिव्होट टेबल (नोंदींचा गटवार सारांश काढणारी स्प्रेडशीटमधील सोय) इतक्या घाईने उरकले, की आमचे दोन ज्येष्ठ ऑपरेटर शेजाऱ्याच्या पडद्यावरून पाहून बटणे दाबत राहिले. ज्यांना या कौशल्याची सर्वाधिक गरज आहे तेच मागे राहिले, याचे मला फार वाईट वाटले. आयोजकांनी येथे पूर्ण दिवस द्यावा.

माणसे पाठवायची असतील तर ऑपरेटर आणि त्याचा सुपरवायझर यांना एकत्रच पाठवावे. आमच्याकडे आता प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला रिफ्रॅक्टोमीटरने (द्रव किती दाट-पातळ आहे हे दाखवणाऱ्या उपकरणाने) कूलंट तपासले जाते, आणि ती नोंद तोच ऑपरेटर ठेवतो.