रबाळे एमआयडीसीत करून घेतलेलं एनर्जी ऑडिट, कसं वाटलं

आमचं प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट आहे, यंदा बाहेरची टीम बोलावून ऑडिट करून घेतलं आणि काम खरंच आवडलं. नुसतं लाईट बिल बघून मत दिलं नाही, मशीन, चिलर (पाणी गार करणारं यंत्र), कॉम्प्रेसर (हवा दाबून पाईपात सोडणारं यंत्र) सगळ्यांना वेगळे मीटर लावून एक किलो मालामागे किती युनिट वीज जाते ते काढलं, कारण ऑर्डर कमी असली की बिल आपोआप उतरतं आणि आपल्याला वाटतं बचत झाली.

जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद आणि कॉम्प्रेसर तरी लोड घेतोय, म्हणजे हवा कुठेतरी गळतेय, मग अल्ट्रासोनिक डिटेक्टर (कानाला न येणारा गळतीचा आवाज ऐकवणारं यंत्र) पाईपच्या कपलिंगजवळ नेला, हेडफोन आमच्या फिटरच्या कानाला लावला, लीकेज त्याने स्वतः ऐकलं आणि लगेच पाना घेऊन आला!

एक तक्रार आहे. रिपोर्टवर आयएसओ १४०४५ लिहिलंय, ते २०१२ चं स्टँडर्ड मालाच्या पूर्ण आयुष्यातला पर्यावरणाचा भार धरतं, आणि यांनी प्लास्टिकचा दाणा कुठून येतो, स्क्रॅप कुठे जातं याला हातच लावला नाही. मग ते नाव टाकू नये ना.

वीज आणि हवेच्या गळतीसाठी मात्र बिनधास्त बोलवा, फक्त रिपोर्ट मराठीतही मागून घ्या, मशीनवरच्या पोरांना वाचता आला पाहिजे.